फळ्यावरचं चौथं नाव

बाबा, मी मोटरसायकल घेतली आहे. तुम्ही गेलात तेव्हा बासष्टचे होता, मी आता त्रेसष्टचा आहे. म्हणजे वयाने मी तुमच्या पुढे गेलो आणि अकलेने मागे, असं घरातलं मत आहे. तुमची सून म्हणाली, "या वयात लोक गुडघे बदलून घेतात, तुम्ही गाडी बदलताय." मी म्हटलं, गुडघ्यांना वॉरंटी मिळत नाही, गाडीला मिळते. ती हसली नाही. पण शोरूममध्ये आली, मागच्या सीटवर हात ठेवून तिथल्या पोराला विचारलं, "आणि इथे बसणाऱ्या बाईने धरायचं काय?" त्याने दोन्ही बाजूंच्या कड्या दाखवल्या. तिने त्या एकेक ओढून पाहिल्या, शेवग्याची शेंग वाकवून बघावी तशा, आणि म्हणाली, "घ्या."

गाडी कशी आहे ते सांगतो. अशा गाडीला स्पोर्ट-टूरर म्हणतात. इंजिन शर्यतीच्या गाडीच्या जातीचं, पण बैठक अशी की माणसाने सकाळी बसावं आणि संध्याकाळी गावी उतरावं. पुढे वारा अडवायला उंच काच, मागे दोन्ही बाजूंना कपड्यांचे डबे. वजन सव्वादोनशे किलो. पहिल्याच आठवड्यात पार्किंगमध्ये उभ्या उभ्या ती माझ्या हातून आडवी झाली आणि मी तिच्याकडे बघत बसलो. वॉचमन आणि सहाव्या मजल्यावरचे एक गृहस्थ, दोघांनी मिळून उचलली. वॉचमन म्हणाला, "साहेब, ही उचलायला माणसं ठेवा दोन, पगारी." मग मी चार रविवार शिकवणीला गेलो. शिकवणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची. रिकाम्या मैदानात प्लॅस्टिकचे शंकू मांडून ती ओरडायची, "काका, चाकाकडे नका बघू! वळणाच्या पलीकडे बघा, गाडी आपोआप जाते!" मला एकदम तुम्ही आठवलात. मिलमध्ये पहिल्यांदा साचा, म्हणजे माग, चालवायला उभा राहिलेला माणूस धोट्याकडे बघतो आणि घाबरतो, असं तुम्ही सांगायचात. धोटा इकडून तिकडे पळताना डोळ्याला दिसतच नाही. बघायचं ते कापडाकडे.

गेल्या महिन्यात गावी जाऊन आलो, एकटाच. पहाटे निघालो, पनवेल सोडलं आणि गाडी सहाव्या गिअरमध्ये पडली. बाबा, ती मजा मला नीट लिहिता येईल असं वाटत नाही, आणि चाळीस वर्षं लिहिण्यावरच पोट भरलं आहे. इंजिन ओरडत नाही. एक बारीक, भरलेली थरथर मांड्यांतून वर येते आणि पोटात स्थिर होते. घाटात वळण आलं की शरीर जरासं कलवायचं, गाडीला कळतं. तिला कळलं हे आपल्याला कळतं. वळण संपताना मूठ थोडी पिळली की ती सरळ होते, आणि त्या क्षणी, हेल्मेटच्या आत, मी मोठ्याने म्हणालो, "शाब्बास रे माझ्या राजा." त्रेसष्ट वर्षांचा माणूस, भर घाटात, एका यंत्राला. पुढच्या टपरीवर चहा घेताना दोन तरुण मुलं गाडीभोवती फिरत होती. एकाने विचारलं, "अंकल, टॉप किती देते?" मी म्हटलं, "माहीत नाही, मी देत नाही तिला." दुसरा म्हणाला, "काकांचं प्रेम आहे रे गाडीवर." मी हसलो, पण चहा तसाच अर्धा ठेवून निघालो.

कारण 'शाब्बास रे माझ्या राजा' हे माझं वाक्य नव्हतं. ते मी कुठे ऐकलं होतं ते मला ठाऊक होतं, आणि ते ज्याचं होतं त्याला मी त्या वाक्याबद्दल काय शिक्षा दिली होती तेही.

मी आठ वर्षांचा असेन. खंडेनवमी. वर्षातला तो एकच दिवस मिल आपल्यासारख्यांच्या बायकापोरांना आत घेत असे. आई नऊवारी नेसली आहे, हातात हळदकुंकवाचा करंडा आहे, आणि तुमच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला झेंडूचा हार आहे. साचेखात्यात शिरलो तेव्हा मला भीती वाटली ती शांततेची. तुम्ही घरी कायम ओरडून बोलायचात. साच्यांच्या आवाजात वीस वर्षं काढलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे हे कळत नाही. समोरच्याचे ओठ बघून तुम्ही ऐकायचात. आई म्हणायची, चाळीतल्या सगळ्यांना आपल्याकडे भाजी काय आहे ते तुमच्यामुळे कळतं. पण त्या दिवशी, बंद साच्यांच्या रांगांमध्ये, तुम्ही इतक्या हळू बोललात की मला तो दुसऱ्याच कुणाचा आवाज वाटला. तुमचे दोन साचे होते. डावा थोरला, उजवा धाकटा. घरात मी एकटाच, म्हणून आई टोमणा मारायची, "तुमचो थोरलो नि धाकटो मिलात, ह्यो मधलो तेवढो माजो." तुम्ही आदल्या दिवशी ते दोन्ही साचे पुसून, तेल देऊन लख्ख केले होते. तेल द्यायला मिलमध्ये वेगळा माणूस असे, पण खंडेनवमीला ते काम ज्याच्या त्याच्या हातचं. हार घातलात, कुंकू लावलंत, नारळ फोडलात. मग माझा पंजा धरून थोरल्याच्या लोखंडावर टेकवलात आणि म्हणालात, "ह्यो माजो राजा. शाब्बास म्हण त्येका." मी म्हटलं. लोखंड थंड होतं आणि किंचित तेलकट. घरी येईपर्यंत मी हात धुतला नाही.

ती आठवण माझ्याकडे बारा वर्षांनी, गिरण्यांच्या संपाच्या वेळी, असायला हवी होती. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो आणि मला आठवणींपेक्षा मतं जास्त होती.

संपाला नऊ महिने होत आले होते. तुम्ही लावणीला गावी जाऊन परत आला होता. आई शिवडीच्या बाजूला कुणाकडे तरी मसाले कुटायला जायची. मी कॉलेज अर्ध्यावर ठेवून नाक्यावरचा फळा लिहायचो. आजच्या वाचकाला फळा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, तुम्हाला नाही. सभा कुठे, धान्य कुठे वाटणार, कोण वारलं, अंत्ययात्रा किती वाजता, हे सगळं गिरणगावाला त्या फळ्यावरून कळायचं. माझं अक्षर चांगलं होतं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पांढऱ्या खडूने सूचना, पिवळ्याने सणवार. आणि उजव्या बाजूला, एका चौकटीत, लाल खडूने, 'आत गेलेले', म्हणजे संप मोडून कामावर गेलेले. नाव, चाळ, खोली नंबर. ती चौकट भरली की फळ्यासमोरची गर्दी बोलायची थांबायची. खालच्या मजल्यावरचे काका संपसमितीत होते. साताऱ्याकडचे, तुमच्याच पाळीतले, तुमच्याबरोबर तंबाखू मळणारे. ते रोज दुपारी चिठ्ठी आणून द्यायचे आणि एकच गोष्ट सांगायचे, "सभेच्या आधी फळा पुरा झाला पायजे. सभा झाल्यावर लिवलेला फळा पुसायच्या लायकीचा." पुढे मी ज्या संपादकांच्या हाताखाली काम केलं त्यांतल्या कुणीही मला वेळेबद्दल याहून वेगळं काही शिकवलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मिलच्या दरवाजावर नोटीस लागली. यंत्रांची पूजा दरवर्षीप्रमाणे होणार, ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. सगळ्यांना कळलं होतं हा सापळा आहे. आत फोटोवाला असणार, गेटवरचा कारकून नावं टिपणार, आणि दुसऱ्या दिवशी छापून येणार की कामगार परतू लागले. समितीने सांगितलं, कुणी जायचं नाही. यात समितीचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. नऊ महिने उपाशी राहिलेल्या लोकांना एवढा नियम पाळायला सांगण्याचा हक्क होता.

सातजण आत गेले. दुपारी काकांनी चिठ्ठी आणली, तेव्हा ती माझ्या हातात लगेच दिली नाही. खिशात हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "चौथं नाव बघ."

मी बघितलं.

"गेटवरच्या माणसानं सांगितलं, साच्यांना हात लावला त्यांनी. तेल दिलं म्हनं. समितीत एकजण म्हनला, हात लावला म्हंजे काम केलं. मी म्हनलं, खंडेनवमी हाय बाबा. तर म्हनले, नियम हाय." काका घसा खाकरून माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू असं कर. घरी जा, बापाला इचारून ये. मी हितं थांबतो. सभेला अजून तासभर हाय. घटकाभर फळा मोकळा ऱ्हायला तर आभाळ कोसळत न्हाई."

घर चार मिनिटांवर होतं. मी म्हटलं, "विचारायचं काय त्यात? सगळ्यांना एकच न्याय." आणि लाल खडू उचलला.

काका म्हणाले, "बघ बाबा."

मी ती सात नावं किती सावकाश लिहिली ते मला आठवतं. एरवी मी भराभर लिहायचो. चौथ्या नावाला आलो तेव्हा मागे माणसं जमली होती. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "अरे, ह्याचाच बाप ना?" दुसरा म्हणाला, "पोरगं वाघ आहे." मी मागे वळलो नाही. तुमचं नाव, चाळ, आणि आपल्या खोलीचा नंबर. स्वतःच्या घराचा नंबर लाल खडूने लिहिला. माझ्या पाठीवर थाप पडली. बाबा, पुढे मला दोन-तीन पुरस्कार मिळाले, शाली मिळाल्या, पण पाठीवर तशी थाप परत पडली नाही, आणि मला ती आवडली होती.

सभा सुटली तरी मी तिथेच रेंगाळलो. तुम्ही नाक्यावरून आलात. हातात रिकामी पिशवी होती. फळ्यासमोर थांबलात. तुम्ही वाचताना ओठ हलवायचात, त्यामुळे तुम्ही कुठवर आला आहात ते मला लांबून दिसत होतं. पांढरं वाचलंत, पिवळं वाचलंत. मग लाल. चौथ्या ओळीवर ओठ थांबले. आसपासची माणसं बाजूला झाली, म्हणजे अगदी पाऊलभर, पण झाली. तुम्ही माझ्याकडे वळलात. मला वाटलं आता तुमचा तो मोठा आवाज साऱ्या नाक्यावर घुमणार, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "अक्षर बरा काढलंस." आणि घरी गेलात.

घरी आईने मला दारातच गाठलं. "बापसाक विचारूक काय झाला होता तुका? तोंड नाय तुका? चार पावलां घर नाय?" मी म्हटलं, बाबांनी नियम मोडला. आई तुमच्याकडे वळून मोठ्याने, तुम्हाला ओठ दिसतील असं, म्हणाली, "आणि तुमी! कित्या गेल्लात थंय मरूक?" तुम्ही जमिनीवर बसून नखांतला तेलाचा काळा रंग काडीने काढत होता. म्हणालात, "नव म्हयने त्यांका तेल नाय. गंजान खाल्ल्यान असता." मग म्हणालात, "संप माणसांचो. साच्यांचो कसलो संप?" मी त्यावर जे बोललो ते इथे लिहितो, कारण ते फक्त आपल्या तिघांना माहीत होतं आणि आता एकट्या मला आहे. मी म्हटलं, "मालकाच्या लोखंडावर एवढं प्रेम असेल तर जा, तिथेच राहा." तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होता. तुम्हाला ते पूर्ण ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. संप असला तरी आपट्याची पानं फुकट मिळतात. आईने ताटात पानं ठेवली, तुम्ही धुतलेला सदरा घालून दाराशी बसलात. आपल्या खोलीत दसऱ्याला पाय ठेवायला जागा नसायची. तुम्ही चाळीतल्या थोरांपैकी, सगळे तुमच्या पाया पडून सोनं द्यायचे. त्या दिवशी गॅलरीतून माणसं जात होती. आपल्या दारापाशी आली की त्यांची बोलणी थांबायची आणि दोन दारं पुढे गेल्यावर परत सुरू व्हायची. ते तुम्हाला ऐकू येत नव्हतं, पण तुम्ही ओठ बघणारा माणूस, तुम्हाला दिसत होतं. मी बाहेर मित्रांबरोबर सोनं वाटत फिरत होतो. माझ्या खिशात पानं मावत नव्हती. दिवेलागणीला परत आलो तेव्हा ताट जसंच्या तसं होतं, पानं कडेने वळायला लागली होती. तुम्ही त्यातलं एक उचलून माझ्या हातावर ठेवलंत आणि दरवर्षी म्हणायचात तेच म्हणालात, "सोन्यासारखो रव." त्यात टोमणा नव्हता. मी बरीच वर्षं तो शोधत होतो, म्हणजे मला रागावता आलं असतं.

एकादशीला सकाळी काका आले. हातात दोन सुकलेली पानं. म्हणाले, "काल जमलं न्हाई." आईने चहा ठेवला. तुम्ही दोघांनी तंबाखू मळली आणि पावसाबद्दल बोललात. मी पोटमाळ्यावर होतो, खाली उतरलो नाही.

लाल चौकट चार दिवसांनी पुसली गेली, नवी सभा होती म्हणून. ओलं फडकं मीच मारलं. तुम्ही कामावर गेलाच नव्हता, अर्ध्या तासात बाहेर आला होता, पूजा करून. सातांतले चारजण आत राहिले, तुम्ही नाही. हे सगळं तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. दुरुस्ती म्हणून मला एक ओळ लिहिता आली असती. पांढऱ्या खडूची एक ओळ. पुढे वर्तमानपत्रात मी 'चूक दुरुस्ती' या मथळ्याखाली शेकडो ओळी लिहिल्या. मंत्र्यांच्या नावाआधीचं चुकलेलं पद, क्रिकेटच्या धावा, कुणाच्या तेराव्याची वेळ. त्या चौकटीबद्दल मी फार कडक होतो. हाताखालच्या मुलांना सांगायचो, चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर दुरुस्त करायची, आणि त्याच दिवशी. ती मुलं मला मानायची.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. संप संपला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. ज्यांनी दसऱ्याला आपलं दार टाळलं त्यांतले कितीतरी हळूहळू आत गेले, पोरांच्या फिया होत्या, म्हाताऱ्यांची औषधं होती, त्यांना दोष देत नाही. तोवर लाल चौकट लिहायची पद्धत बंद झाली होती आणि मी एका दैनिकात मुद्रितं तपासायला लागलो होतो. तुम्ही गेला नाहीत. आईने एकदा म्हटलं, आता सगळेच जातात. तुम्ही मान हलवून म्हणालात, "नाव लागला एकदा. आता गेलंय तर ता खरा होतला." एवढंच. ते नाव खोटं ठरवण्यासाठी तुम्ही तुमचे दोन साचे सोडलेत, आणि रे रोडला लाकडाच्या वखारीत करवतीवर लागलात. बारा वर्षं. तिथल्या करवतीला तुम्ही दर खंडेनवमीला फूल वाहायचात असं आई सांगायची. मला कधी बघायला यावंसं वाटलं नाही. शनिवारची पुरवणी असायची.

आणि मी काय केलं ते ऐका. मी त्या फळ्याचं भांडवल केलं. निवृत्तीच्या समारंभात, कॉलेजांच्या कार्यक्रमांत, मुलाखतींत, मला विचारतात की पत्रकारितेची सुरुवात कशी झाली. मी म्हणतो, नाक्यावरच्या फळ्यापासून, संपात. लोकांना ते फार आवडतं. मी काकांचं ते वाक्य सांगतो, सभेआधी फळा पुरा झाला पाहिजे. टाळ्या पडतात. लाल चौकटीबद्दल मी कधीच बोललो नाही.

म्हणून गाडीबद्दल लिहिताना हात अडतो. यंदाच्या खंडेनवमीला मी ती पार्किंगमध्ये स्वतः धुतली. आपल्या चाळीच्या जागी टॉवर झालाय, तिथेच आम्ही राहतो, त्यात गाड्यांच्या पार्किंगचेच चार मजले आहेत. जुन्या बनियनने टाकी पुसली, साखळीला तेल दिलं, हँडलला झेंडूचा छोटा हार घातला. गुडघे दुखत होते म्हणून स्टूल घेऊन बसलो. वॉचमन म्हणाला, "साहेब, सर्व्हिसिंगवाले करतात ना हे." मी म्हटलं, "त्यांना नाही जमत." आणि टाकीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिलो. यंत्रावर हात ठेवला की ते काय म्हणतंय ते तळव्याला कळतं. हे कुठल्या पुस्तकात नाही. मला कुणीतरी ते आठव्या वर्षी शिकवलं होतं. ज्याने शिकवलं त्याच्या हाताला मी त्याच सणाच्या दिवशी, त्याच कामासाठी, लाल खडू लावला. माझं यंत्र माझं आहे, तुमचं मालकाचं होतं, एवढाच काय तो फरक, आणि विसाव्या वर्षी मला तो फार मोठा वाटला होता. हाताला तो कळत नाही. त्या दिवशी मी वर जेवायला गेलो नाही. तुमच्या सुनेने फोन केला, "गाडीवरच पान वाढू का?" मी म्हटलं, येतो.

हे कुठे छापायचं नाही. एका मासिकाने दिवाळीला 'माझे वडील' असं काहीतरी मागितलं होतं, त्यांना मी दुसरंच काही लिहून पाठवलं, वेळेत. हे वहीत राहील. वही कपाटात राहील.

एक गोष्ट मात्र वर मी टाळली. वाचणाऱ्याला वाटेल की मी घाईत लिहिलं, तुम्ही आत का गेलात हे मला ठाऊक नव्हतं, विचारलं असतं तर कळलं असतं. आईलाही तसंच वाटायचं. ती मरेपर्यंत म्हणायची, पोराने विचारलं नाही. तसं नव्हतं, बाबा. त्या सकाळी आई कामाला गेली होती. तुम्ही आंघोळ करून, पिशवीत तेलाची बाटली आणि फुलं घालून दाराशी आलात. मी पेपर वाचत होतो. तुम्ही म्हणालात, "साच्यांका तेल दिवन येतंय. तू येतंस?" मी पेपर खाली केला नाही. तुम्हाला माझे ओठ दिसले नाहीत, म्हणून मी काही उत्तर दिलं की नाही हे तुम्हाला कळलं नसणार. तुम्ही पायांत चपला घालून थोडा वेळ तसेच उभे राहिलात. मी उत्तर दिलं नव्हतं.